पणजोबा पळाले होते का?

प्रश्न: आम्ही सातारा जिल्ह्यातून इंदूरला आलो त्याला चार पिढ्या झाल्या. पणजोबा ११७ मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यानंतर तुर्कांच्या कैदेत वारले. फोटोत त्यांच्या बाहीवर पट्टे दिसतात, पदकाच्या कडेवर मात्र ‘शिपाई’ आहे. नातेवाईक म्हणतात, ते पळाले होते. म्हणून हुद्दा गेला आणि बसऱ्याच्या स्मारकावर नावही नाही. खरं कसं शोधायचं? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: हुद्दा जाणं, बेपत्ता होणं आणि पळून जाणं या लष्कराच्या दफ्तरात तीन वेगळ्या नोंदी असतात. घरोघरी त्यांची एकच गोष्ट होऊन बसते.

आधी फोटोतले पट्टे मोजा. एक पट्टा म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. लान्स नाईकी हंगामी असे; काही गुन्हा नसतानाही ती परत घेतली जाई. तीन पट्टे असतील तर मात्र शिक्षेची शक्यता धरावी लागेल, पण तीही पळण्याचीच असं नाही.

पदक चिंच-पितांबरीनं घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. तिरका उजेड टाका, कडेवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा आणि नंबर उतरवून घ्या. पुढचं सगळं त्या नंबरावर आहे. पळण्याचा गुन्हा शाबित झालेल्याचं पदक सहसा जप्त होई, त्यामुळे पदक घरात असणं हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे; शंभर टक्के नव्हे, पण वजनदार.

कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं तुर्कांपुढे शरणागती पत्करली. ११७ बरोबर १०३ आणि ११० या मराठा पलटणीही आत होत्या. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. अनेक हिंदी शिपायांना रास अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपलं. उपासमार आणि हगवणीनं माणसं वाटेतच गेली. अशा वेळी यादीत माणूस आधी ‘बेपत्ता’ म्हणून चढतो, कैदी असल्याचं पुष्कळ उशिरा कळतं. मधल्या काळात गाव जे बोललं, तेच तुमच्या घरात उरलेलं दिसतं.

स्मारकाचं कारण तर अगदीच वेगळं आहे. बसऱ्याच्या फलकांवर हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. बाकीच्यांचा पलटणीखाली नुसता आकडा दिला. त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत आहेत आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना वारलेला प्रत्येक जण तिथे बसतो, अगदी लष्करी कोर्टानं गोळ्या घातलेलाही. वर्तणुकीचा संबंधच नाही.

तिथे शोधताना इंदूर टाकू नका. नोंदीत मूळ गाव, तालुका, जिल्हा असतो. इंग्रज कारकुनानं पवारचं ‘पोवार’ आणि जाधवचं ‘जाधाओ’ केलेलं असतं. पुष्कळदा आडनाव नसतंच, म्हणून आडनावाच्या रकान्यात पाळण्यातलं नावही घालून पाहा. एकाच नावाचे चार निघाले तर नंबर आणि बापाचं नाव जुळवा.

वर्तणुकीचा तपशील शीट रोलमध्ये, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदपत्रात असतो. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, पलटण, बापाचं नाव, गाव-तालुका लिहून अर्ज करा. नात्याचा पुरावा आणि पदकाच्या कडेचा फोटो जोडा. इतका जुना शीट रोल हाती लागेलच, अशी आशा धरू नका. लंडनहून पलटणीची युद्ध-दैनंदिनी मागवण्यात पैसे घालण्याआधीही विचार करा. तीत नावं बहुधा अधिकाऱ्यांचीच येतात.

प्रश्न: आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत खेचरगाड्यांवर होते. बेळगावला लिहू का? – एक वाचक, राजवाडा, इंदूर

उत्तर: नको. ती संस्थानची फौज. तिचे कागद बेळगावला नसणार. इंदूरची ट्रान्सपोर्ट तुकडी भरतपूरच्या तुकडीबरोबर तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला होती. संस्थानी दफ्तरासाठी भोपाळच्या राज्य अभिलेखागारात अर्ज करा आणि मोडी वाचणारं कुणीतरी बरोबर न्या.