धर्म एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोहोचतो कसा? फक्त तलवारीने का?

तलवारीचा वाटा आहेच, पण मी सांगलीचा, आमच्याकडे बघितलं तर व्यापारी वाटा जास्त दिसतात. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठांहून जास्त बौद्ध लेणी आहेत. तिथे कुणी फौज नेली नव्हती. कराड ही बाजारपेठ होती. व्यापारी दान द्यायचे, भिक्खू पावसाळ्यात मुक्काम करायचे. आजच्या मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपावर 'करहाकट' गावच्या दानाचा लेख आहे. करहाकट म्हणजे कराडच! दोन हजार वर्षांपूर्वी कराडकरांचा पैसा तिथवर गेला होता.

आता उलटं बघा, आलेला धर्म गावात कसा मुरतो. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात उरुसाला पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. उत्तरेतल्या कैरान्याहून आलेले शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, दर्ग्यात गायले. १९३७ साली गेल्यावर त्यांना तिथेच दफन केलं, आणि उरुसात शास्त्रीय गाणं आजही होतं. गाणं ऐकायला आलेल्यांत कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. (चांगली जागा मिळवायला मात्र लवकर जावं लागतं.)

जैनांचं तर सोडाच. बाहेरच्यांना जैन म्हटलं की दुकानदार आठवतो; आमच्याकडे पाटील, चौगुले आडनावाचे जैन शेतकरी ऊस लावतात, आणि घरात दिवेलागणीआधी जेवणं उरकलेली असतात.