नवीन गाडीला हाताने वॅक्स लावताना चरे पडू नयेत म्हणून काय करावं?

गाडी तीन आठवड्यांची, रंग गडद, वॅक्सचा डबा आणून ठेवलाय, हाताने लावायचंय आणि पेंटवर चरे नकोत, इतकाच तुमचा प्रश्न असता तर मी पुढे गेलो असतो. त्याची उत्तरं ढिगाने आहेत. पण शेवटी तुम्ही विचारलंत, "फडकं गोल फिरवायचं की सरळ?" या एका वाक्यावरून आमच्या घरात सहा वर्षं वाद चाललाय, त्यामुळे लिहितो.

चरे वॅक्सने पडत नाहीत आणि हात कोणत्या दिशेला फिरला त्यानेही पडत नाहीत. ते धुळीने पडतात. धुळीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ काचेवरही ओरखडा काढतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. फडक्याखाली एक कण आला की हात सरळ न्या नाहीतर गोल न्या, रेघ उमटणार.

आता माझं सांगतो. गाडी काळी होती, घरी येऊन नववा दिवस. आदल्या संध्याकाळी मी ती मन लावून धुतली आणि सकाळी भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, मदतीला आले. मदतीला म्हणजे सूचना द्यायला. गाडी लखलखीत दिसत होती, म्हणून परत धुतली नाही. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवर धुळीचा थर बसतोच, सकाळच्या मऊ उजेडात तो दिसत नाही एवढंच. मी बॉनेटपासून सुरुवात केली, भाऊजींनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार घेतलं. मध्येच त्यांच्या हातून फडकं खाली पडलं. मी दुसरं द्यायला गेलो तर म्हणाले, "अरे, झटकलं की झालं." झटकलं आणि लावत राहिले.

दुपारी ऊन बॉनेटवर आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल चरे, बॉनेटवरही आणि दारावरही. भाऊजींनी वाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "गोल गोल घासलंस ना, म्हणून गोल चरे पडले. सरळ हात मारायचा असतो." त्यांच्या दारावर ते कुठून आले, हे विचारायचं मला त्या क्षणी सुचलं नाही. असले प्रश्न रात्री झोपताना सुचतात.

पुढच्या रविवारी ते स्वतः आले आणि बॉनेटवर सरळ रेषेत वॅक्सचा दुसरा हात लावून गेले. चरे गायब! झालं, त्यांचं म्हणणं सिद्ध झालं, आणि घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात मी "गोल घासणारा" ठरलो. महिनाभराने, चार-पाच वेळा गाडी धुतल्यावर चरे होते तिथे परत हजर. वॅक्समधलं तेल बारीक चऱ्यांमध्ये बसतं आणि त्यांना तात्पुरतं झाकतं. धुण्यात ते निघून गेलं की पहिले पाढे पंचावन्न. पण ते बघायला भाऊजी त्या वेळी नव्हते.

आणि गोल चऱ्यांचं रहस्य असं: ते गोल नसतातच. पेंटवर सगळ्या दिशांनी बारीक सरळ रेघा असतात. त्यांपैकी ज्या रेघा उजेडाच्या ठिपक्याभोवती आडव्या पडतात, तेवढ्याच चमकतात, बाकीच्या दिसत नाहीत. म्हणून डोळ्याला वर्तुळं भासतात. खात्री करायची तर रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. वर्तुळांचा मध्य टॉर्चबरोबर सरकतो. खरोखर गोल घासल्याचे चरे असते तर ते जागचे हलले असते का?

आता तुमच्या कामाचं. गाडी धुता येते हे गृहीत धरतो, पण ज्या दिवशी वॅक्स त्याच दिवशी धुवायची, आणि वाळवली की लगेच सुरुवात करायची. आधी नुसतं पाणी मारून सुटी धूळ जाऊ द्या, मग शॅम्पू. बादल्या दोन ठेवा, एक शॅम्पूची आणि एक गाडी धुण्याचा हातमोजा खळबळायला साध्या पाण्याची. दुसऱ्या बादलीच्या तळाशी काय साचतं ते एकदा बघा, मग कोणी एकाच बादलीत धुताना दिसला की तुम्हालाच कसंतरी होईल. पुसताना टॉवेल फरफटत न नेता पसरायचा, टिपायचा, उचलायचा. हाताची अंगठी, घड्याळ काढा आणि पट्ट्याचं बक्कल झाका. बॉनेटवर ओणवं होताना माझ्या एका मित्राने बक्कलानेच खोल चरा पाडला होता आणि महिनाभर दोष फडक्याला देत होता.

सावलीत लावा, आणि बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर वॅक्समधला द्रव भराभर उडतो, थर घट्ट चिकटतो, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की फडक्यात राहिलेला कणही खोल जातो. स्पंजच्या चकतीवर अगदी थोडं घ्या, लावलेलं जेमतेम दिसलं पाहिजे. जाड थर जास्त टिकतो हाही भाऊजींचाच शोध. जादा वॅक्स पत्र्याला धरत नाही, ते पुसूनच काढावं लागतं, म्हणजे घासणं वाढलं. एका वेळी एकच भाग घ्या. धुरकट झालं की बोट फिरवून बघा: खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसा, फराटा उठला तर थांबा. पुसायला चांगल्या दाट लवीचं मायक्रोफायबर घ्या आणि शिवणीतलं लेबल कापून टाका. फडक्याची चौघडी केली की आठ बाजू मिळतात, त्या बदलत राहा. हाताचं स्वतःचं वजन पुरे आहे. जमिनीला टेकलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. झटकून चालत नाही, कण लवीत रुततात.

डब्यावरचं नाव नीट वाचा. पॉलिश आणि क्लीनर वॅक्स यांत घासणारे कण असतात, ते क्लिअर कोट थोडा थोडा खातात. नव्या गाडीला त्याची गरज नाही. मला मात्र शेवटी ते जाळं काढायला मशीनने पॉलिश करून घ्यावं लागलं, म्हणजे नवव्या दिवशीच्या चुकीपायी जन्मभर पुरवायच्या थरातला काही भाग गेला.

"नव्या गाडीला तीन महिने वॅक्स नको, पेंट श्वास घेतो," असं कोणी ना कोणी तुम्हालाही सांगेल. कारखान्यात पेंट भट्टीत शंभर अंशांच्या बऱ्याच वर भाजून पक्का केलेला असतो. गाडी तुमच्या हातात येते तेव्हा त्याचं श्वास घेणं कधीच संपलेलं असतं. अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागाची गोष्ट वेगळी. त्यातला द्रव उडायला आठवडे लागतात, तिथे रंगवणाऱ्याने सांगितलेले दिवस पाळा.

हे आधी सांगायला हवं होतं, आता सांगतो: तुमचा रंग मॅट असेल तर वरचं सगळं विसरा, वॅक्स लावूच नका, डाग पडल्यासारखी चमक येते आणि जात नाही. काळ्या खरखरीत प्लास्टिकला वॅक्स लागलं तर पांढरे डाग बसतात, तिथे आधी चिकटपट्टी लावा. फडकी धुताना सुती कपड्यांत टाकू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. आणि शोरूममधून निघताना गाडी तिथे कशी पुसली गेली हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा वॅक्स लावण्याआधीच टॉर्च मारून फोटो काढून ठेवा. नंतर कोणी काही म्हणालं तर पुरावा हाताशी असलेला बरा.

मग गोल की सरळ? चरे पाडण्या-न पाडण्याशी त्याचा संबंध नाही. एवढं मात्र खरं, की चुकून चरा पडलाच तर सगळे एकाच दिशेचे असलेले बरे. ते एकाच कोनातून दिसतात, बाकीच्या बाजूंनी नाहीत. म्हणजे सरळ हात मारा हा सल्ला चुकीचा नाही, त्यामागचं कारण चुकीचं होतं. आणि सकाळी परत न धुण्याचा निर्णय माझा होता, हेही इथे लिहून टाकतो. घरी अजून कबूल केलेलं नाही.

मागच्या महिन्यात ताईकडे गेलो होतो तेव्हा रात्री भाऊजींना खाली नेऊन माझ्या बॉनेटवर टॉर्च सरकवून दाखवला. वर्तुळं सरकताना त्यांनी नीट पाहिली, दोनदा स्वतः टॉर्च फिरवला. मग त्यांच्या गाडीवर मारला आणि म्हणाले, "हे बघ, माझ्या गाडीवर एक तरी दिसतोय का?" त्यांची गाडी पांढरी आहे.