गोसाब्याला निघालेल्या मुलीस

अनेक आशीर्वाद.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनातल्या गोसाबा ब्लॉकची (आपल्याकडच्या तालुक्यासारखा भाग) ओळख करून देणारा मोठा लेख तुझ्याकडे आला, हे वाचून फार आनंद झाला. आराखडाही पाहिला. आधी वाघ, मग मध काढणारे, मग वादळं, शेवटी लोकसंख्या आणि शाळा. हा क्रम बाजूला ठेव. सुंदरबनावर बाहेरचे लोक बहुतेक असंच लिहितात आणि तिथला माणूस त्यात वाघाच्या तोंडी किंवा पुराच्या पाण्यातच दिसतो. २०११च्या जनगणनेत या ब्लॉकमध्ये सुमारे अडीच लाख माणसं होती, चौदा ग्रामपंचायती आहेत. ही माणसं काय पिकवतात, कुठलं पाणी पितात, कर्ज कुणाकडून काढतात, हे तुला लिहायचं आहे.

सुरुवात बांधापासून कर.

पेण-अलिबागकडची खारजमीन तू पाहिली आहेस. बांध, उघाडी (पाणी सोडायचं दार), आत भात, बाहेर खाडी. गोसाब्यात सगळा ब्लॉकच असा आहे. भरतीबरोबर येणारा गाळ साचून ही बेटं हळूहळू उंच होत होती. ते पुरं होण्याआधीच जंगल तोडून भोवती बांध घातले गेले. गाळ आत यायचा थांबला आणि नदीच्या तळाशी बसू लागला. म्हणून आज भरतीच्या वेळी नदीचं पाणी आतल्या शेतापेक्षा उंच असतं. बांधावर उभी राहा, एकदा नदीकडे पाहा, एकदा भाताकडे. ती उंची नीट टिपून घे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन निघतो, तेव्हा आमन भात होतं. नंतरचं पीक घ्यायचं तर गोडं पाणी लागतं आणि ते साठतं दारच्या तळ्यात. त्या तळ्यात मासे असतात, त्याच्याच पाण्यावर भाजी होते. २५ मे २००९ ला आयला वादळात बांध फुटले आणि खारं पाणी या तळ्यांत शिरलं. मासे मेले, शेतं पुढची काही वर्षं नापीक झाली. तेव्हा लोकांना नोना बोकरासारखी खारं सोसणारी जुनी बियाणी आठवली, पण सुधारित जातींपुढे ती कधीच मागे पडली होती आणि सहज मिळेनात. कुणाच्या घरात असं बियाणं टिकून होतं, हे विचारत फिर. मला स्वतःला ते ऐकायची फार उत्सुकता आहे.

२० मे २०२० ला अम्फान आलं, वर्षभराने २६ मे २०२१ ला यास. यास ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं, तरी इकडे पाणी घुसलं, कारण त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं. नुसत्या वाऱ्याचा वेग लिहून हे कळणार नाही. तू पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास तिथे राहशील असं पाहा. उधाणाच्या रात्री गावातले लोक कंदील-टॉर्च घेऊन बांधावर फेऱ्या घालतात, पाझर शोधतात, मातीच्या गोण्या टाकतात. त्यांच्याबरोबर चाल.

बांध फुटला की नवा बांध थोडा आत सरकवून घालतात. त्याला तिथे रिंग बांध म्हणतात. दोन बांधांच्या मध्ये ज्याची जमीन राहिली, त्याची ती गेली. मोबदला मिळाला का, किती वर्षांनी, कागद कुणाच्या नावावर होता, हे विचार. आयलानंतर पक्क्या बांधांची मोठी योजना आली, पण जागा मिळवण्यावर बरंचसं काम अडलं. बांध रुंद करायचा तर कुणाची तरी जमीन जाणार, आणि ज्याच्याकडे तेवढीच आहे तो ती कशी देईल? सरकारी कचेरीत एक उत्तर मिळेल, बांधाला लागून घर असलेल्या बाईकडे दुसरं. दोन्ही लिही.

शेती गेली की माणूस तीन ठिकाणी जातो. पुरुष केरळ, तमिळनाडू, अंदमानला बांधकामावर. बायका छातीभर पाण्यात जाळं ओढत बागदा कोळंबीची पिल्लं धरायला. उरलेले जंगलात, मासे-खेकड्यांना आणि चैत्र-वैशाखात मधाला. वाघ इथे येऊ दे लेखात, आधी नाही. आणि तो आला की परवान्याबद्दलही लिही. होडीचे परवाने मोजके आहेत, ज्यांच्याकडे नाहीत ते भाड्याने घेतात. परवान्याशिवाय किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात माणूस वाघाने मारला, तर घरच्यांना भरपाईसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागतं. अलीकडे कोलकाता उच्च न्यायालयाने काही विधवांच्या बाजूने निकाल दिले, ते मिळवून वाच. अशा घरी थेट कॅमेरा घेऊन जाऊ नकोस. आधी नुसती भेट, चहा, परत यायची परवानगी. जंगलाची रक्षणकर्ती मानलेल्या बोनबीबीच्या ठाण्याशी हिंदू आणि मुसलमान दोघेही जंगलात शिरण्याआधी हात जोडतात, हे खरं आहे. पण ते सजावट म्हणून वापरू नकोस. जिवाच्या भीतीने केलेला नवस आहे तो.

इतिहासात तुला डॅनियल हॅमिल्टन भेटेल. स्कॉटलंडचा हा व्यापारी. १९०३ मध्ये त्याने इथली सुमारे नऊ हजार एकर जमीन पट्ट्याने घेतली आणि सावकारमुक्त वसाहत उभारली. सहकारी पतपेढ्या, भातगिरणी, १९३६ मध्ये स्वतःची एक रुपयाची नोटसुद्धा. रवींद्रनाथ १९३२ च्या डिसेंबरात तिथे जाऊन आले. हे सगळं आदराने लिही. सहकाराची चळवळ पाहिलेल्या मराठी वाचकाला ते आवडेलही. पण सुंदरबनातलं जंगल ज्यांनी तोडलं, ज्यांच्या पाठीवरून बांधांची माती गेली, ते संथाळ, मुंडा, ओराँव मजूर छोटा नागपूरहून आणलेले होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही याच बेटांवर राहतात. अनुसूचित जातींचे लोक तर ब्लॉकमध्ये निम्म्याहून जास्त. त्यांच्या आठवणी हॅमिल्टनच्या बंगल्याइतक्या सांभाळल्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त वेळ बस.

ब्लॉकमधल्या कुमीरमारी बेटाच्या पलीकडे मरीचझांपी बेट आहे. सरकारने मध्य भारतातल्या दंडकारण्यात वसवलेले आणि तिथून निघालेले पूर्व बंगालचे निर्वासित १९७८ मध्ये तिथे वसले आणि १९७९ मध्ये सरकारने नाकेबंदी करून, बळाने त्यांना हटवलं. किती मेले यावर आजही वाद आहे. आकडा छापण्याची घाई करू नकोस, जे पाहिलं ते सांगणारी माणसं शोध. आपल्या गडचिरोलीत, मुलचेरा-चामोर्शीकडे, पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं वसली आहेत. जाण्याआधी महिनाभर तिकडे राहिलीस तर बंगाली कानावर पडेल, आणि पुनर्वसन म्हणजे रोजच्या जगण्यात काय असतं हेही कळेल.

गोसाब्यातल्याच रांगाबेलिया गावचे तुषार कांजीलाल यांच्याबद्दल मिळेल ते वाच. १९६७ मध्ये मुख्याध्यापक म्हणून आले आणि शाळेतून गावाच्या शेतीकडे, दुसऱ्या पिकाकडे, बायकांच्या कामाकडे वळले. त्यांच्या पत्नी बीना कांजीलाल यांनी बायकांना उभं केलं, त्यांचं नाव तळटीपेत ढकलू नकोस.

जायचं कसं ते सोपं आहे. सियालदाहून कॅनिंगची लोकल, तिथून रस्त्याने गोदखाली, मग नदी ओलांडायची. ब्लॉकमध्ये रेल्वे नाही. रात्री प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला हाच रस्ता उलटा करावा लागतो, तेव्हा नाव कधी मिळते, नावाडी किती घेतो, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव. पर्यटकांच्या हॉटेलात उतरू नकोस. सातजेलिया किंवा छोटा मोल्लाखालीला कुणाच्या घरी राहायची सोय पाहा. घरातल्या बाईला वरकड काम पडणार, त्याचे पैसे ठरवून दे.

लेख झाला की छापायच्या आधी त्याचं बंगाली करून घे आणि ज्यांचं नाव किंवा हकिकत त्यात आहे त्यांना वाचून दाखव. कुणी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर काढ. पहिला खर्डा मला पाठव, मी लगेच वाचून कळवतो.

तुझा,
काका