वाचकांचे प्रश्न : कवीला गाठायचं कुठे आणि कसं?

प्रश्न : नोकरीसाठी चिपळूणहून मुंबईला आलो. अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये बसत, असं वाचलं होतं. तिथे गेलो तर ते हॉटेलच नाही. आता कवी बसतात तरी कुठे?
(एक वाचक, कांजूरमार्ग)

उत्तर : वेसाइड इन बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण ज्या तिठ्याकडे बघत कोलटकर बसायचे, तो तिठा जागेवर आहे. त्यांचं ‘काळा घोडा पोएम्स’ (2004) पिशवीत टाका आणि सकाळी लवकर, रहदारी वाढायच्या आत तिथे अर्धा तास काढा. आज तिथे दिसतो तो बिनस्वाराचा घोडा 2017 मधला आहे. ज्याच्यावरून नाव पडलं तो जुना पुतळा 1965 मध्येच हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे.

ठरलेल्या टेबलाचे दिवस सरले. आता कवी भेटतात ते कार्यक्रमांत. गिरगावात केळेवाडीतला मुंबई मराठी साहित्य संघ (1935), दादर पूर्वेला नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) या तीन ठिकाणांपासून सुरुवात करा. फोनवर येणाऱ्या निमंत्रणांवरच विसंबू नका. संस्थेच्या दारातला फळा आणि वर्तमानपत्रातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर बघत जा.

खरी भेट होते ती कार्यक्रम संपल्यावर, चहा संपून हॉलचे दिवे मालवेपर्यंतच्या पंधरा मिनिटांत. त्या वेळी सगळी गर्दी अध्यक्षांभोवती असते आणि सुरुवातीला दोन कविता वाचून गेलेला कवी खांबाशी एकटा उभा असतो. त्याच्याकडे जा. त्याच्या कवितेतली एखादी ओळ नीट ऐकली असेल तर तेवढीच बोला. एकाच ठिकाणी तीन-चारदा गेलात की लोक चेहऱ्याने ओळखू लागतात, पुढचं आपोआप होतं. फक्त 27 फेब्रुवारीला ही अपेक्षा ठेवू नका. मराठी भाषा गौरव दिनी कवी एका कार्यक्रमातून दुसऱ्याकडे धावत असतो.

प्रश्न : एका ज्येष्ठ कवींना माझ्या साठ कवितांची वही दिली. आठ महिने झाले, उत्तर नाही. काय करू?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर : आधी वही परत मागा, अगदी सरळपणे : ‘माझ्याकडे दुसरी प्रत नाही, कधी न्यायला येऊ?’ आणि यापुढे एकुलती एक प्रत कुणाच्याही हातात देऊ नका.

अनोळखी माणसाच्या साठ कविता सहसा कोणी वाचत नाही. पाच द्या : तीन, ज्यांबद्दल तुम्हाला खात्री आहे आणि दोन, ज्या कुठेतरी अडल्या आहेत. ए-फोर कागद, एकाच बाजूला छपाई, अक्षर 14 पॉइंट, उजवीकडे पेन्सिलीने लिहिता येईल इतका समास. प्रत्येक पानावर नाव आणि फोन नंबर हवा, कारण पानं सुटी होतात. टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर कविता चिकटवून पाठवणं ही सर्रास होणारी चूक. ‘पाऊस थांबल्यावरही पागोळ्यांना कुठे घाई असते’ ही एक ओळ फोनच्या अरुंद पडद्यावर ‘पागोळ्यांना’पाशी तुटते. वाचणाऱ्याला वाटतं, ती तुम्हीच तोडली. मग तो तुम्ही न केलेल्या गोष्टीवर मत देतो. पीडीएफ पाठवा, त्यात ओळी तुम्ही ठेवल्या तशाच राहतात.

पाठवण्याआधी विचारा. आपण त्यांचं काय वाचलंय ते एका वाक्यात, आणि ‘पाच कविता आहेत, पाठवू का?’ हे दुसऱ्या. जून ते ऑगस्ट टाळा, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यावर दिवाळी अंकांचं काम असतं. दिवाळीनंतर मोकळीक असते. सहा आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग विषय सोडा. ‘कशा वाटल्या?’ असं विचारलंत तर ‘छान आहेत’ एवढंच ऐकू येईल. ‘ही कविता दुसऱ्या कडव्यातच संपते का?’ असं विचारा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला कवितेत उतरावंच लागतं. आणि पहिल्या भेटीत प्रस्तावना मागू नका, कृपा करून. तिथे नातं सुरू व्हायच्या आधीच संपतं.

प्रश्न : पुस्तकावर सही घेताना काही पथ्यं?
(एक वाचक, पार्ले)

उत्तर : पान आधीच उघडून, बोट घालून ठेवा. आतलं नावाचं पान उत्तम. आपलं नाव चिठ्ठीवर लिहून द्या, गलक्यात ‘वृषाली’चं ‘रुपाली’ होतं. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई फासते, तिथे साधं बॉलपेन द्या आणि मिनिटभर पुस्तक मिटू नका. रांग असेल तर एकच पुस्तक.

प्रश्न : आमच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी एका कवींना बोलवायचं आहे. तयारी काय करावी?
(वाचनालयाचे कार्यकर्ते, डोंबिवली)

उत्तर : तारीख नक्की करताना मेगाब्लॉक लक्षात ठेवा. रविवारी दुपारी मध्य रेल्वेचं वेळापत्रक कोलमडतं आणि त्याचा ताण संध्याकाळपर्यंत राहतो. गिरगावातून येणाऱ्या कवीला साडेपाचची वेळ दिलीत, तर तो धापा टाकत पोचेल. साडेसहा ठेवा. शनिवारी रात्री ब्लॉकची घोषणा बघून त्यांना फोन करा.

मानधनाचा आकडा पहिल्याच फोनवर सांगा, कितीही लहान असो. ‘बघू, देऊ काहीतरी’ हे ऐकायला फार वाईट वाटतं. प्रवासखर्च वेगळा. श्रीफळ-शाल म्हणजे मानधन नव्हे.

चाळीस मिनिटांत मधल्या बोलण्यासकट दहा-बारा कविता नीट होतात. पण प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षांचं मनोगत यांतच तास गेला, तर कवीच्या वाट्याला पंधरा मिनिटं उरतात आणि तो लांब कविता गाळतो. बहुधा त्याच चांगल्या असतात. परिचय तीन मिनिटं, सत्कार शेवटी.

माइक स्टँडवरचा हवा, कारण एका हातात पुस्तक असतं आणि दुसऱ्याने पान उलटायचं असतं. तोंडापासून साधारण वीतभर अंतर आणि किंचित बाजूला ठेवा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फट्‌फट् आवाज येतो. पंखा कवीच्या डोक्यावर नको, सुटी पानं उडतात. प्रकाशकाकडून वीस प्रती विकल्या न गेल्यास परत घेण्याच्या बोलीवर आणा, सुट्टे पैसे ठेवा. मानधनाचं पाकीट चहाच्या आधी, बाजूला नेऊन द्या. आणि कवी ज्येष्ठ असतील तर एका कार्यकर्त्याने त्यांच्याबरोबर थेट प्लॅटफॉर्मपर्यंत जावं, गाडीत बसायला जागा मिळेपर्यंत.