डेन्मार्कमध्ये आर्टिस्ट रेसिडेन्सीसाठी जातोय. तिथे गुलामगिरीच्या इतिहासावर काम करण्यासारखं काही आहे का?

आहे, भरपूर आहे. सुरुवात कोपनहेगनच्या धक्क्यावरच्या वेस्ट इंडियन गोदामापासून करा. कॅरिबियनमधल्या तीन डॅनिश बेटांवर गुलामांनी पिकवलेल्या उसाची साखर आणि रम तिथेच साठवायचे. १९१७ मध्ये ती बेटं अमेरिकेला विकली आणि विषयही जणू त्यांच्याबरोबरच विकला गेला. याच गोदामासमोर २०१८ मध्ये जानेट एलर्स आणि ला वॉन बेल या दोघी कलाकारांनी ‘आय ॲम क्वीन मेरी’ हा सुमारे ७ मीटरचा पुतळा उभारला. मला त्याचा चौथरा जास्त बोलका वाटतो: त्यातले प्रवाळाचे दगड त्या तीन बेटांपैकी सेंट क्रॉयवरचे, गुलामांनी समुद्रातून तोडून काढलेले. (पुतळा मात्र हलक्या फोमचा होता, २०२० च्या वादळात मोडला.) कागदपत्रं हवी असतील तर डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागारात जा, वसाहतीची लाखो पानं २०१७ पासून ऑनलाइन फुकट बघता येतात. जुनं डॅनिश हस्ताक्षर लावणारं कुणीतरी सोबत घ्या, नाहीतर नुसती वळणंच बघत बसाल. एक गफलत टाळा: पुतळ्यातली ‘क्वीन मेरी’ म्हणजे मेरी थॉमस, आणि तिचा उठाव १८७८ चा. गुलामगिरी १८४८ मध्येच कायद्याने संपली होती, त्यामुळे तो करारात जखडलेल्या मजुरांचा उठाव होता.