स्टुटगार्टमध्ये माणसं मिळतील का?

तुम्ही विचारलंत: पुण्याहून नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला येतोय, बायको सोबत आहे, मराठी माणसं भेटतील ना, की एकटं पडू? घरभाडं आणि विमा यांबद्दल सांगणारे खूप भेटतील. मी इथे नऊ वर्षं आहे, या एकाच प्रश्नाचं लिहिते.

मराठी माणसं भेटतील. गाड्यांच्या कंपन्यांमुळे पुण्याचे इंजिनिअर इथे कमी नाहीत, आणि मुंबई नि स्टुटगार्ट तर १९६८ पासून जुळी शहरं आहेत. गणपती, दिवाळी छान होते. मग नोव्हेंबर येतो, संध्याकाळी पाचच्या आत काळोख, आणि फराळाचे रिकामे डबे घासताना कळतं की पुढचा सण संक्रांत.

पहिल्या होळीला मी न कळवता शेजारच्या आजींकडे पुरणपोळ्या घेऊन गेले. त्यांनी दारातच घेतल्या, आभार मानले, दार लावलं. मी घरी येऊन रडले. त्यांना राग नव्हता हो! इथे कुणाकडे जायचं तर आधी तारीख-वेळ ठरते, एवढंच. त्या बोलायला लागल्या त्या जिन्यामुळे. या भागात 'केअरवोखं' असते: दाराला पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. पहिली पाळी मी चुकवली, सफाईवाली बाई येत असेल असं वाटलं. पुढच्या दोन पाळ्या कोपरे घासून काढल्या, तेव्हा आजींनी पहिल्यांदा मला नावाने हाक मारली.

खरी ओळख होते ती 'फेराइन'मध्ये. म्हणजे मंडळच, पण नोंदणीचं, वर्गणीचं, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी भेटणारं. सात माणसं जमली की नोंदवता येतं, त्यामुळे गाणं, टेबल टेनिस, भाजीचे वाफे, सगळ्यांची फेराइनं आहेत. डोंगर फिरणाऱ्यांचं 'श्वेबिशर आल्बफेराइन' १८८८ पासूनचं. ट्रेकची सवय असेल तर तिथूनच सुरुवात करा. मी गाण्यात गेले. आठ महिने कुणी घरचं काही विचारलं नाही. मग एका मंगळवारी वयाने मोठ्या बाई म्हणाल्या, आता आपण एकमेकींना 'दू' म्हणू. आपलं 'अहो'चं 'अगं' होतं ना, तसं. ते मोठ्यांनी सुचवायचं असतं, आपण घाई करायची नाही. (फेराइन सोडायचं झालं तर मुदतीआधी लेखी कळवा, नाहीतर वर्गणी चालूच राहते.)

काळजी तुमची नाही, बायकोची करा. तुम्हाला ऑफिस आहे, त्यांना चार भिंती. पहिल्याच महिन्यात 'फोल्क्सहोखशूल'मध्ये, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्रात, जर्मनच्या वर्गाला घाला, ऑनलाइन नको, प्रत्यक्ष बाकावर. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण त्या बाकावरची, इराणची आहे.

आणि हो, वाढदिवसाचा केक ऑफिसात आपणच न्यायचा असतो. माझा नवरा पहिल्या वर्षी संध्याकाळपर्यंत वाट बघत बसला होता.