नुसते हात दिसतात, चेहरा दिसत नाही

"मॅडम, आधी एवढंच सांगा, मला वेड लागायला लागलंय का?"

बाई अजून बसल्याही नव्हत्या. पर्स खांद्याला तशीच, मोबाइल मुठीत. वय 46, लग्नाला 21 वर्षं, मुलगी कॉलेजात. (ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.) नवऱ्याचं ऑफिसमधल्या एका बाईंशी दीड वर्ष जुळलं होतं. हे तीन महिन्यांपूर्वी कळलं, तेही हल्ली बहुतेकींना कळतं तसंच, चार्जिंगला लावलेल्या फोनच्या स्क्रीनवर.

नवऱ्याचं बाहेर काही आहे हे कळल्यावर बायका "आता राहू की सोडू?" हे विचारायला येत असतील असं बाहेरच्यांना वाटतं. मी समुपदेशनाचं काम करते, माझ्याकडे तो प्रश्न बराच उशिरा येतो. पहिला येतो तो हाच, वेडाचा.

"काय होतंय नक्की?" मी विचारलं.

"ह्यांचा करडा शर्ट दिसतो. डाव्या बाहीचं बटण कुणीतरी लावतंय. नुसते हात दिसतात, नखं नीट कापलेली. चेहरा दिसत नाही. भांडी विसळताना दिसतं, गाडी चालवताना दिसतं. परवा सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवतायत, आणि मी आपली बटणाकडे बघत बसलेली."

अशा वेळी घाईघाईनं "छे हो, काही वेडबिड नाही" म्हणून टाकणं मला बरोबर वाटत नाही. आधी विचारून घ्यावं लागतं. हे दृश्य मनात दिसतं की समोर खरोखर घडतंय असं वाटतं? बाहेरून कुणाचा आवाज ऐकू येतो का, अमुक कर म्हणून सांगणारा? सलग तीनचार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही असं झालंय का? आणि आडवळण न घेता, जीव द्यावासा वाटतो का? हा शेवटचा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असला तर तो बोलायला वाट मिळते. यातलं काहीही 'हो' असतं तर त्याच दिवशी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. त्यांचं तसं नव्हतं. दृश्य मनातलं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त त्यावर ताबा नव्हता. मोठा धक्का बसलेल्या माणसाच्या मनात असं होतं. अपघातातून वाचलेल्यांना ब्रेकचा आवाज येत राहतो, त्याच जातीचं हे. झोप उडणं, फोन वाजला की छातीत धस्स होणं, दिवसातून वीस वेळा त्याचं 'लास्ट सीन' बघणं, सगळं त्याच घरातलं.

हे सांगितल्यावर त्या बसल्या. मग ओघात एक जुनी गोष्ट बोलल्या. लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी त्यांनी दोघांपुरता बेत केला होता, आणि नवरा तीन मित्रांना घेऊन घरी आला. "विसरलो गं" म्हणाला. त्यांनी हसून तीन ताटं वाढवली.

"तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण पाहुणे होते."

इथे मला एक सिनेमा आठवला. मी सहसा कुणाला सिनेमे सुचवत नाही. सुचवलेला सिनेमा लोक गृहपाठासारखा बघतात आणि मग मला काय ऐकायचं असेल ते बोलतात. शिवाय हा तर सरळ गोष्ट सांगणाराही नाही. इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनींचा 1965 सालचा 'ज्युलिएट ऑफ द स्पिरिट्स'. फेलिनींचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सिनेमा, आणि रंगही असे की डोळे दिपावेत. नायिका ज्युलिएत्ता. ते काम केलंय ज्युलिएत्ता मासीनांनी, म्हणजे फेलिनींच्या खऱ्या पत्नीनं. सुरुवातीलाच लग्नाचा वाढदिवस आहे. ती विग चढवून बघते, उतरवते, मेणबत्त्या लावून वाट बघते. नवरा येतो तो मित्रांचा घोळका घेऊन, त्यात एक आत्मे बोलावणारा माणूसही असतो. आणि गंमत बघा, या प्रसंगात बराच वेळ कॅमेरा तिचा चेहराच दाखवत नाही.

मी एवढंच म्हणाले, "तुमच्यासारखंच जेवण फसलेली एक बाई आहे एका सिनेमात. तिलाही नको ते दिसत असतं."

त्यांनी नाव लिहून घेतलं. मी "बघाच" म्हटलं नव्हतं.

दहा दिवसांनी आल्या त्या चिडूनच. "अर्धं डोक्यावरून गेलं. समुद्रातून ती माणसं काय येतात, ती शेजारीण काय, तिच्या बेडरूममधून घसरगुंडी थेट पोहायच्या तलावात! पण मॅडम, ते गुप्तहेरांचं..."

ते गुप्तहेरांचं असं आहे. नवरा झोपेत एका बाईचं नाव पुटपुटतो, गॅब्रिएला. ज्युलिएत्ता गुप्तहेर नेमते. ते पाळत ठेवून चित्रण करतात आणि कचेरीत पडद्यावर तिला दाखवतात. हा नवरा, ही ती. तिच्या हातात पुरावा पडतो. पुढे ती गॅब्रिएलाच्या घरीही जाऊन बसते, पण ती काही समोर येत नाही.

"तिला सगळं कळलं," बाई म्हणाल्या, "आणि फरक काय पडला? दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथंच." मग त्यांनी आपला फोन टेबलावर उलटा ठेवला. "ह्यात दोनशेच्या वर स्क्रीनशॉट आहेत. रोज रात्री वाचते. पाठ झालेत."

मला वाटतं, त्या दिवशी आमचं काम सुरू झालं. स्क्रीनशॉट रोज वाचणं म्हणजे खपली काढून बघणं, जखम अजून आहे ना याची खात्री करायला. पण "डिलीट करून टाका" असं मी कुणालाही सांगत नाही, आणि कुणी सांगितलं तर ऐकूही नका. उद्या वकिलाकडे जायची वेळ आली तर ते लागू शकतात. त्यांनी सगळं एका पेन ड्राइव्हवर घेतलं, बहिणीकडे ठेवायला दिलं आणि फोनमधून काढलं. पुरावा राहिला, रोजचं पारायण थांबलं. पहिल्या दोन रात्री हात शिवशिवत होते म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या रक्ततपासण्याही करून घेतल्या. हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकीला ऐकताना अवघड वाटतं, पण शरीराचा हिशेब वेगळा ठेवावाच लागतो.

आता हातांचं. इथे फेलिनींचीच एक गोष्ट उपयोगी पडली. एर्न्स्ट बेर्नहार्ड नावाचे, स्वप्नांना महत्त्व देणारे मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्या परंपरेतले एक मानसोपचारक रोममध्ये होते. त्यांच्या सांगण्यावरून फेलिनी 1960 च्या आसपासपासून आपली स्वप्नं वहीत लिहायला आणि रंगीत पेनांनी काढायला लागले, ते पुढं अनेक वर्षं. मी बाईंना म्हटलं, "दिसलं की काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. वेळ ठरवून घ्या, संध्याकाळची वीस मिनिटं. इतर वेळी ते हात आले तर त्यांना सांगा, सात वाजता या."

त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर बाही एवढी गिरवलीय की कागद फाटायला आलाय. चौथ्या पानावर बटणाला चार भोकं आणि त्यातला दोरासुद्धा. नवव्या पानावर बोटं केळ्यांसारखी, घाईत उरकलेली. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? हात काढायचा कंटाळा आला."

कंटाळा! मला इतकं बरं वाटलं. अशा वहीतून काहीतरी मोठं रहस्य उलगडेल असं लोकांना वाटतं, माझ्या काही सहकाऱ्यांनाही वाटतं. बहुतेक वेळा काहीच उलगडत नाही. जे दृश्य टाळायला मन धावत होतं त्याच्याकडे ठरवून, पुन्हा पुन्हा, सुरक्षित जागी बसून बघितलं की त्याची धार जाते. इतकंच. हे सगळ्यांना जमतं असं मात्र नाही. काहींचा त्रास चित्र काढून वाढतो. तेव्हा थांबायचं आणि आधी झोप रुळावर आणायची.

सिनेमावरून आमचं एकदा वाजलंही. ज्युलिएत्ताच्या ओळखीत एक मानसशास्त्रज्ञ बाई आहे. ती तिला सांगते, नवरा सोडून जाईल याची भीती वाटते म्हणतेस, पण मनातून तुला तेच हवंय. तो गेला की तू मोकळा श्वास घेशील.

"तुम्हाला पण असंच वाटतं ना माझ्याबद्दल? वाटतं, पण बोलत नाही," बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, मला त्या बाईचा रागच येतो. कदाचित तिचं खरंही असेल. पण नुकतीच जमीन सरकलेल्या माणसाला 'तुला हेच हवं होतं' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे फायदे सांगणं. मी नवीन असताना एकीला जवळजवळ हेच वाक्य ऐकवलं होतं. ती पुन्हा आली नाही. आपण फार खोलातलं बोललो या खुशीत मी तो दिवस काढला होता, हे आठवलं की अजून लाज वाटते.

"आणि शेजारीण?" म्हणजे सूझी, घसरगुंडीवाली, जिच्या घरी सदा मेजवानी. ती ज्युलिएत्तालाही मौज करायला बोलावते, एक देखणा तरुण समोर आणून ठेवते, आणि ज्युलिएत्ता तिथून पळ काढते. बाईंच्याही एका मैत्रिणीनं "तूही कर ना, फिट्टंफाट" म्हणून सुचवलं होतंच. मी यात नीतीच्या बाजूनं कधीच बोलत नाही. एवढंच विचारते, की ते त्या माणसासाठी असेल की नवऱ्याला दाखवण्यासाठी? दाखवण्यासाठी असेल तर अजून सगळं नवऱ्याभोवतीच फिरतंय.

खरी गाठ वेगळीच होती. चार महिने झाले तरी त्यांनी आईला काही सांगितलं नव्हतं. आई 74 वर्षांच्या, खणखणीत. "तिला कळलं तर म्हणेल, तूच स्वतःकडे लक्ष दिलं नाहीस." हे वाक्य आई अजून बोललीच नव्हती, तरी बाई ते रोज ऐकत होत्या, अगदी आईच्या आवाजात.

सिनेमातली ज्युलिएत्ताची आई देखणी आणि थंड आहे, मुलीला नुसत्या नजरेनं खुजं करते. लहानपणी शाळेच्या नाटकात ज्युलिएत्ता संत झालेली असते. धर्मासाठी जीव दिलेली संत म्हणून तिला जाळीवर बांधून कागदी ज्वाळांत जाळल्याचं दाखवतात. आजोबा भर नाटकात उठून तिला सोडवतात. शेवटी मोठी ज्युलिएत्ता एकटी पडलेली असताना त्या मुलीचं रडणं भिंतीतल्या एका छोट्या दारामागून ऐकू येतं. आई म्हणते, उघडू नकोस. ती म्हणते, आता मला तुझी भीती वाटत नाही, आणि दार उघडतं. मग जाळीला बांधलेल्या त्या मुलीला ती स्वतःच सोडवते.

हे सांगताना बाई रडल्या. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि गप्प राहिले. आजोबांबद्दल काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या त्या असं, "पण हे सगळं लिहिलं, काढलं नवऱ्यानंच ना? बायकोची सुटकाही नवऱ्यानंच ठरवायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटाबद्दल मासीना आणि फेलिनींचंही जमलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. नवरा बॅग भरून निघून गेल्यावर ज्युलिएत्ता फाटकाबाहेर पडते आणि पाइनच्या झाडांकडे चालत जाते. फेलिनींना त्यात सुटका दिसायची, मासीनांना एकटं पडणं. आणि त्या काळच्या इटलीत एकटी बाई म्हणजे काय ते लक्षात घेतलं पाहिजे. 1970 च्या डिसेंबरपर्यंत तिथे घटस्फोटाचा कायदाच नव्हता. आला तोही रद्द करावा म्हणून 1974 मध्ये सार्वमत झालं, आणि सुमारे 59 टक्के लोकांनी तो राहू द्या म्हणून सांगितलं. 1968 पर्यंत बायकोचा व्यभिचार हा गुन्हा होता. नवऱ्यावर मात्र त्यानं दुसरी बाई घरातच किंवा उघडउघड ठेवली तरच खटला व्हायचा. म्हणजे फाटक उघडलं तरी बाहेर रस्ता नव्हता. खऱ्या आयुष्यातले फेलिनी आणि मासीना मात्र अखेरपर्यंत एकत्र राहिले. लग्नाला पन्नास वर्षं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 31 ऑक्टोबर 1993 ला फेलिनी गेले. मासीना पाच महिन्यांनी गेल्या.

"म्हणजे त्यांनी नाही सोडलं," बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग मी काय करू?"

हा 'राहू की सोडू' चा प्रश्न शेवटी सोळाव्या आठवड्यात आला. मी विचारलं, आज उत्तर द्यायची सक्ती कुणी केलीय? मारहाण नसेल, धमकी नसेल, पैसे अडवले जात नसतील, तर थोडं थांबता येतं. थांबणं म्हणजे माफ करणं नव्हे. नवऱ्याशी बोलायचे तीन मुद्दे त्यांनी वहीत लिहिले, पहिला होता 'संबंध संपला की नाही, हो किंवा नाही'. खात्यांची कागदपत्रं एका जागी केली. नवरा एकदा माझ्याकडे आला, बोलण्यापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघत होता. त्याच्याविषयी इथे इतकंच.

आईला त्यांनी एका रविवारी सांगितलं. आईनं ते वाक्य म्हटलंच, जवळपास शब्दशः. "आणि मी म्हटलं, आई, हे तू बोलशील हे मला माहीत होतं, म्हणून चार महिने झोपले नाही. मग ती गप्प झाली. मग म्हणाली, चहा ठेवू का."

परवा जाताना दारात थांबल्या. "त्या सिनेमात ती शेवटी कुठे जाते हो?"

"दाखवलेलं नाही."

"बरं." फोन काढून त्यांनी तारखा बघितल्या. "पुढचा मंगळवार नको मॅडम, मला त्या दिवशी वेळ नाहीये."